वाचकांचे प्रश्न: अ‍ॅम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड खासगी केली तर?

प्रश्न : सरकारी गाडी वेळेवर येईल याचा भरवसा नाही, मग अ‍ॅम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड सगळंच कंपन्यांना देऊन टाकलं तर काय बिघडतं हो? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अहो, अर्धं तर दिलंयच की! १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स राज्यात २०१४ पासून खासगी कंपनीच चालवते, पैसे सरकार भरतं आणि पेशंटला फुकट, त्यामुळे गाडी कोणाची यापेक्षा बिल कोण भरतं आणि उशीर झाला तर दंड कोणाला हे बघा.

फायर ब्रिगेडचं मात्र वेगळं आहे. कित्येक दिवस एक कॉल येत नाही तरी माणसं, पाणी, डिझेल तयार ठेवावंच लागतं आणि या बसून राहण्यातच सगळा खर्च, कंपनी पहिली कात्री तिथंच लावणार (मी असतो तरी लावली असती). आणि २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी सोडून ५७ फुटांवर गेली तेव्हा एनडीआरएफ आणि लष्कराच्याच बोटी लागल्या ना, तेवढ्या बोटी वर्षभर कुठली कंपनी सांभाळत बसणार? माझं मत म्हणाल तर गाड्या चालवायला द्या खुशाल, पण कंट्रोल रूम आणि फायर स्टेशन अजिबात नको.