लाडके आजोबा

चि. सई,

मंगळवारी शाळेतून आल्यावर तू विचारलेस, "वेल्सच्या वेल्श भाषेत आजी म्हणजे 'मामगी', लाडकी आई, आणि आजोबा म्हणजे 'टाडकी', लाडके बाबा. मग आपण आजीला 'ए' आणि आजोबांनाच 'अहो' का म्हणतो? ते लाडके नाहीत का?" प्रश्न मला लागला, कारण तुझे आजोबा माझे वडील आहेत आणि मीही त्यांना आजवर 'अहो बाबा' अशीच हाक मारते.

तुझा अर्थ बरोबर आहे. 'की' हे 'प्रिय' या अर्थाचे जुने विशेषण असून 'केव्हिन' या आयरिश नावाच्या मुळाशी असलेला शब्द त्याचाच भाऊबंद आहे. 'माम' स्त्रीलिंगी असल्याने तिच्यामागून येणाऱ्या 'की'चा पहिला वर्ण मऊ होऊन 'गी' होतो. 'टाड' पुल्लिंगी असल्याने तिथे 'की' तसाच राहतो. आपण 'लाडका-लाडकी' करताना शब्दाचा शेवट बदलतो, वेल्श लोक सुरुवात बदलतात. उत्तर वेल्समध्ये मात्र 'नाइन' आणि 'टाइड' म्हणतात, त्यात लाडाचा मागमूस नाही. म्हणून तिकडचे आजी-आजोबा कमी लाडके ठरत नाहीत.

साताऱ्याला माझे आजोबा सकाळी ओसरीवर बशीतून चहा पीत, आणि शेवटचे दोन घोट मुद्दाम बशीत ठेवून वर्तमानपत्रात डोके घालत. मी जाऊन "अहो आजोबा, चहा राहिला" म्हणायचे, ते वर न पाहता "संपव" म्हणायचे. आजीला आम्ही 'ए' म्हणत होतो, तिच्या पदराला हात पुसत होतो आणि तिच्यावर चिडतही होतो. आजोबांवर चिडण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. गंमत अशी की 'आजा' आणि 'आजी' हे दोन्ही शब्द 'आर्य' या आदराच्या शब्दाच्या कुळातले आहेत. म्हणजे नावात मान दोघांनाही आहे, हाकेत मात्र तो एकट्या आजोबांना मिळाला, आणि हे मला आता खटकते. तरीही 'अहो'मध्ये माया नसते, हे मी मान्य करणार नाही. वेल्शमध्येही 'टी' आणि 'खी' असे तू-तुम्ही आहेच, आणि आजी-आजोबांना 'खी' म्हणणारी घरे आहेत.

रविवारी फोनवर तुझ्या आजोबांना 'ए आजोबा' म्हणून पाहा. मी मध्ये बोलणार नाही. 'टाडकी' म्हटलेस तरी चालेल, फक्त घाईत 'टाडगी' करू नकोस, ते पुल्लिंगी आहेत.

— आई