मावशीचा आवाज आठवत नाही, म्हणजे मी तिला विसरले का?

"मॅडम, मला तिचा आवाजच आठवेनासा झालाय. मी विसरत चाललेय का तिला?" हा प्रश्न मी समुपदेशनाच्या कामात इतक्यांदा ऐकलाय की आता समोरचं माणूस तोंड उघडायच्या आधीच अंदाज येतो. कुणाची आई गेलेली असते, कुणाचे आजोबा, कुणाचा भाऊ, पण विचारताना चेहऱ्यावरचा अपराधी भाव अगदी सेम. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. एका क्लायंटची गोष्ट सांगते, तिची परवानगी आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तिशीतली मुलगी, मावशीच्याच हाताखाली वाढलेली. मावशी जाऊन वर्ष उलटून गेलेलं. आली तेव्हा तक्रार वेगळीच होती, की रडू येत नाही आणि देवापुढे बसवत नाही. लहानपणापासून मावशीसोबत प्रार्थना करायची सवय, आता हात जोडले की डोकं नुसतं रिकामं. आवाजाचं नंतर हळूच बोलली.

मी विचारलं, "मावशी कशी होती गं?"

"देवमाणूस होती. सगळ्यांसाठी करायची. कधी कुणाचं मन दुखावलं नाही."

"अजून?"

"अजून काय... खूप प्रेमळ होती."

अशी वाक्यं आली की माझे कान टवकारतात. ही श्रद्धांजलीची भाषा झाली, कुठल्याही फोटोखाली छापा, चालून जाईल. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे आपण इतकं मनापासून पाळतो की त्या माणसातलं त्याचं असं जे काही असतं तेच आधी पुसून टाकतो, आणि मग म्हणतो आठवत नाही!

दोन-तीन भेटी असंच चाललं. मग एकदा मी सरळ विचारलं, "तुमचं दोघींचं जोरात भांडण कशावरून व्हायचं?"

ती जरा चिडलीच. "भांडण? नाही हो, तसं काही..." मग थांबली. "मोबाईलवरून व्हायचं. माझे मेसेज वाचायची ती! मागून येऊन उभी राहायची. मी ओरडले की म्हणायची, 'वाचलं नाही गं, दिसलं.'"

हे शेवटचं वाक्य तिने जसं म्हटलं ना, मान थोडी वाकडी, 'दिसलं'वर हेल, तो तिचा स्वतःचा सूर नव्हताच. तिलाही ते लगेच कळलं. हात तोंडावर गेला. "मॅडम... हा तिचाच आवाज होता." आणि मग ती रडली, वर्षभराचं साठलेलं, आणि मधेच हसत होती, कारण पाठोपाठ अजून चार भांडणं आठवली होती. मी काही बोलले नाही. आमच्या कामात असे क्षण रोज येत नाहीत, आणि आले की आपण गप्प बसायचं एवढी अक्कल अनुभवानेच येते.

याचं कारण तसं साधं आहे. आठवण म्हणजे मोबाईलमध्ये सेव्ह केलेली फाईल नव्हे, की उघडली आणि जशीच्या तशी वाजली. आपण दरवेळी ती नव्याने जुळवतो आणि त्यासाठी मेंदूला काहीतरी खूण लागते. 'प्रेमळ होती' ही खूण होऊच शकत नाही. 'वाचलं नाही गं, दिसलं' ही आहे.

यात माझा कल कुठे आहे तेही सांगून टाकते. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने 1917 मध्ये मांडलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणं, आणि 'आता विसर, पुढे बघ' म्हणणारे नातेवाईक तेच सांगत असतात, फक्त फ्रॉइड न वाचता. पण त्याची स्वतःची मुलगी 1920 मध्ये गेली, आणि 1929 मध्ये मुलगा गमावलेल्या एका मित्राला त्यानेच लिहिलं की ही जागा कशानेच पूर्ण भरत नाही आणि तसंच असायला हवं. 1996 पासून तर अभ्यासक उघडच म्हणायला लागले की नातं संपवायचं नसतं, ते वेगळ्या रूपात चालू राहतं. मी या बाजूची, पहिल्यापासून. (आणि ते नकारापासून स्वीकारापर्यंतचे दुःखाचे पाच टप्पे! 1969 चे, मुळात मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून मांडलेले. त्यामुळे 'माझा कितवा टप्पा चालूय' हे मोजत बसू नका.)

प्रार्थनेचं काय झालं ते राहिलंच. मी विचारलं, "देवावर रागावलीयेस का?"

"असं कसं म्हणू? पाप लागेल."

"तुकाराम, जनाबाई विठ्ठलाशी कडकडून भांडलेत, त्यांची भक्ती कमी झाली का? तू तर नुसतं गप्प बसून रुसलीयेस."

देव आहे की नाही हे ठरवणं माझं काम नाही, पण ज्याच्याशी खोटं बोलावं लागतं त्याच्यापुढे हात जोडून डोकं रिकामंच होणार ना. तिने मग काही दिवस देवापुढे बसून नुसत्या तक्रारी केल्या. नंतर आपोआप मावशीबद्दल सांगायला लागली.

आईलाही एकदा बोलावलं. आई म्हणाली, "मी हिच्यासमोर बहिणीचं नाव काढत नाही, हिला त्रास होईल." मुलगी म्हणाली, "अगं मी तुझ्यासाठी गप्प होते!" हे निम्म्या घरांत चालू असतं. सगळे एकमेकांना जपतात आणि गेलेल्या माणसाचं नाव घरातून जातं. 'देवाला आवडली म्हणून नेली' हे वाक्यही जरा जपून वापरा. स्वतःला धीर द्यायला ठीक आहे, पण दुसरा बोलायला लागल्यावर ते म्हटलं की त्याचं बोलणं तिथेच बंद होतं.

घरी करायचं असेल तर एवढं करा: 'आठवण येते का' असं विचारू नका, 'ती कशावरून चिडायची, कुठला शब्द सारखा वापरायची' असं विचारा. वही ठेवा, तिची वाक्यं तिच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. जुन्या फोनमधले व्हॉइस मेसेज आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा. ऐकायची हिंमत नसेल तर नंतर ऐका.

काही जणांना मात्र एवढ्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात 6 महिने आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2022 च्या निकषात मोठ्यांसाठी 12 महिने उलटूनही ओढ तितकीच तीव्र असेल, रोजचं आयुष्य ठप्प असेल, तर तज्ज्ञांना भेटायलाच हवं. आणि आपणही जावं असे विचार येत असतील तर महिने मोजू नका, आजच कुणाला तरी सांगा.

त्या मुलीचा भाऊ मावशीबद्दल अजून एक शब्द बोललेला नाही. ती म्हणाली त्यालाही घेऊन येऊ का? मी विचारलं, तो करतो काय? तर मावशीचा जुना बिघडलेला रेडिओ उघडून बसतो सुट्टीच्या दिवशी, दुरुस्त करत. म्हटलं, मग राहू दे त्याला.