गच्चीवर शेवाळाचा गॅस होईल का?

प्रश्न : आमची विश्रामबागला साठ फ्लॅटची सोसायटी आहे. एसटीपी (सांडपाणी साफ करायचा प्लँट) आहे पण त्यात हवा मारणाऱ्या ब्लोअरचं लाईटबिल फार येतं म्हणून निम्मा वेळ बंदच असतो, मग संध्याकाळी वास सुटतो. ग्रुपवर एकांनी टाकलंय की गच्चीवर टाक्या बांधून सांडपाण्यात शेवाळ वाढवा, पाणी पण साफ होतं आणि शेवाळाचा गॅस पण मिळतो. मी कमिटीत आहे, रविवारी मीटिंग आहे. काय सांगू?
– एक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, आधी गच्चीचं बोलू, कारण रविवारी तेच मंजूर झालं तर पंचाईत आहे. शेवाळाला ऊन तळापर्यंत लागतं म्हणून पाणी फूटभरच खोल ठेवतात, पण फूटभर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला 300 किलो वजन झालं आणि आपल्या साध्या गच्च्या माणसांच्या वावरासाठी 150 किलोच्या आसपास धरून डिझाईन केलेल्या असतात. साठ फ्लॅट म्हणजे अडीचशे माणसं धरा, माणशी 100 लिटर सांडपाणी, रोजचं 25,000 लिटर, ते पाच दिवस टाकीत फिरवायचं म्हणजे डोक्यावर कायम सव्वाशे टन पाणी. नकोच ते.

आता शेवाळ करतं काय ते बघा. मैलापाण्यातली घाण खरी खातात ते जिवाणू, त्यांना खाताना ऑक्सिजन लागतो, आणि तुमचा ब्लोअर तेवढ्यासाठीच घुंघुं करत असतो. मोठ्या प्लँटमध्येसुद्धा निम्मी वीज या हवा मारण्यातच जाते. शेवाळ तोच ऑक्सिजन उन्हात फुकट देतं, आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साईड आणि पाण्यातलं नत्र-स्फुरद स्वतः खाऊन वाढतं. एक किलो सुकं शेवाळ तयार होताना दीड किलोच्या आसपास ऑक्सिजन सुटतो. खोटं वाटत असेल तर भर दुपारी बाराला एखाद्या जुन्या सिमेंटच्या हौदात वाकून बघा, शेवाळाच्या धाग्यांना मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात, बोट लावलं की सुटून वर येतात, तोच तो ऑक्सिजन.

हे सगळं आजकालचं फॅड नाही बरं का. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात विल्यम ओस्वाल्ड यांनी 1950 च्या दशकातच मैलापाण्याचे उथळ, गोल फिरणारे शेवाळ-पाँड मांडले, आणि त्या शेवाळापासून मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, करायची कल्पनाही त्यांनी 1960 साली लिहून ठेवली. स्पेनमध्ये चिक्लाना नावाच्या गावात तर अशा पाँडच्या गॅसवर गाड्या चालवून दाखवल्यात.

पण गॅस किती, हे ग्रुपवर कुणी सांगत नाही. एका लिटर पाण्यात सुकं शेवाळ जेमतेम पाव ते अर्धा ग्रॅम मिळतं. तुमच्या 25,000 लिटरचं झालं सात-आठ किलो, ते कुजवून निघणारा मिथेन म्हणजे एक-सव्वा किलो एलपीजीएवढा. साठ घरांत मिळून बारा दिवसांनी एक सिलेंडर! आणि ते शेवाळ पाण्यातून काढायचं कसं, ही सगळ्यात मोठी डोकेदुखी, कारण एकेक पेशी केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक, फडक्यात गाळली तर आरपार जाते. अमेरिकन सरकारनं 1978 ते 1996 शेवाळाच्या डिझेलवर संशोधन केलं आणि शेवटी परवडत नाही म्हणून थांबवलं. माझ्या मते खरी कमाई ही वाचलेल्या विजेची, गॅस वरकड.

रविवारी एवढंच सांगा की ब्लोअर बंद ठेवायचा नाही, काही तास हवा नाही मिळाली की जिवाणू गुदमरतात आणि वास येतो तो त्याचाच. टाकीच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्युझर चोंदलेत का ते बघून घ्या, चोंदले असतील तर बिल उगाच वाढतं.

हे काम खरं गावाच्या पातळीवरचं आहे. शेरीनाल्याचं काळं पाणी कृष्णेत मिसळताना बघून जीव तुटतो, म्हणून मीही हिशेब करून बघितला. 2011 च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड 5 लाखांवर होतं, तेवढ्यांना शेवाळ-पाँड करायचे तर 200 एकराच्या वर जमीन लागेल. आणि ती नदीकाठची चालणार नाही, 2005, 2019, 2021 चे पूर आपण डोळ्यांनी बघितलेत, सगळं वाहून जाईल. पावसाळ्यात ढगांमुळे शेवाळ मंदावतं तेही आहेच. पण उंचावरच्या चार-पाच एकरांत एखाद्या उपनगराचं पाणी घेऊन सुरुवात का करू नये? ऊन तर आपल्याकडे आठ महिने भरपूर आहे.

प्रश्न : शेवाळ एवढं चांगलं तर नदी हिरवी झाली की मासे का मरतात?
– कॉलेज विद्यार्थी, मिरज

उत्तर : कारण शेवाळ ऑक्सिजन फक्त उजेडात देतं, रात्री उलट तेच ओढून घेतं. संथ पाण्यात शेवाळ माजलं की पहाटेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन संपत येतो आणि मासे तोंडं वर काढून वासायला लागतात. त्यात ते शेवाळ मेलं की कुजताना राहिलेला ऑक्सिजनही जातो. पाँडमध्ये आपण ते मरायच्या आत काढून घेतो, नदीत कोण काढणार? म्हणून नत्र-स्फुरद नदीत जायच्या आधीच अडवायचं.

प्रश्न : सांडपाण्यावरचं शेवाळ म्हशीला घातलं तर दूध वाढेल का?
– शेतकरी, तासगाव तालुका

उत्तर : दादा, अजिबात घालू नका. शहराच्या पाण्यात कारखान्यांचे जड धातू असू शकतात आणि शेवाळ ते अंगात साठवतं, तिथून ते दुधात उतरतात. गोबरगॅसमध्ये शेणाबरोबर चालेल. त्याची स्लरी शेतात टाकायची तर आधी पाण्याची जड धातूंसाठी तपासणी करून घ्या, आणि भाजीपाल्याला नको, उसालाच टाका.