मार्टिनीच्या बाटलीत मार्टिनी का नसते

तुम्ही विचारलंत: लाल मार्टिनीची, लेबलवर 1863 लिहिलेली बाटली बनावट तर नाही ना? नाही, बाटली बनावट नाही. तुमच्या मेहुण्यांनी इटलीहून आणलेली 'मार्टिनी' गोडसर, कडवट आणि खोकल्याच्या औषधाची आठवण करून देणारी लागली, म्हणजे ती अस्सल आहे. तुम्हाला अपेक्षित होतं ते सिनेमातलं त्रिकोणी ग्लासातलं, ऑलिव्ह टाकलेलं पेय. ते कॉकटेल, त्यात मुख्य ऐवज जिनचा. तुमच्या हातात आहे ती व्हर्मूथ. इटलीतल्या बारमध्ये नुसतं 'मार्टिनी' म्हणालात तर बहुतेक वेळा हीच समोर येते, बर्फ आणि संत्र्याच्या फोडीसकट. या गोंधळात पडलेले तुम्ही पहिले नाही. मीही पडलो होतो, आणि तेही चार लोकांसमोर.

व्हर्मूथ म्हणजे वाइनमध्ये थोडा तयार मद्यार्क, साखर आणि वनस्पतींचा अर्क घालून केलेलं पेय. युरोपच्या नियमानुसार त्यात किमान 75 टक्के वाइन लागते आणि आर्टेमिसिया कुळातली वनस्पती असावीच लागते. जर्मन भाषेत या कडू झुडपाला वेर्मूट म्हणतात, नाव तिथूनच आलं. आपण जोतिबाला वाहतो तो दवणा याच आर्टेमिसिया कुळातला. झुडूप वेगळं, पण भावकीतलं! आणि वाइनमध्ये औषधी मुरवण्याची कल्पना द्राक्षासवाच्या देशात तरी परकी वाटू नये. तुमच्या लाल बाटलीतली वाइन मात्र बरीचशी पांढरी असते. तो रंग मुख्यतः जळक्या साखरेचा, म्हणजे कॅरॅमलचा.

आता लेबलवरच्या 1863 बद्दल. व्हर्मूथचा शोध मार्टिनीवाल्यांनी लावलेला नाही. आल्प्सच्या पायथ्याचं तोरिनो हे शहर तोवर या धंद्यात मुरलं होतं. चिंझानो बंधूंचं दुकान तिथे 1757 पासूनचं, आणि आधुनिक गोड व्हर्मूथचं श्रेय सहसा दिलं जातं ते 1786 मध्ये याच शहरात ती विकायला लागलेल्या आंतोनियो बेनेदेत्तो कार्पानोला. कडू झुडपं डोंगरात, मस्कात जातीची सुगंधी द्राक्षं शेजारच्या टेकड्यांवर आणि गिऱ्हाईक म्हणून साव्होय घराण्याचा राजदरबार, असा तिहेरी योग तिथे जुळला होता.

मार्टिनीची मूळ कंपनी 1847 ची, वाइनपासून मद्यार्क काढणारी. अलेस्सान्द्रो मार्टिनी तिथे विक्री बघायचा. 1863 मध्ये तो, तेओफिलो सोला आणि लुइजी रोस्सी या तिघांनी कंपनी हातात घेतली. सोला हिशेबनीस, तर रोस्सी जडीबुटी आणि लिक्युअरमधला जाणकार, पाककृती त्याची. पण कंपनीचं नाव काय ठेवलं? 'मार्टिनी, सोला आणि कंपनी'. ज्याच्या हातची चव, तो 'आणि कंपनी'त! 1879 मध्ये सोला वारला, घरच्यांनी हिस्सा विकला, तेव्हा कुठे 'मार्टिनी अँड रोस्सी' झालं. बाटलीवर आजही सगळ्यात ठळक नाव विक्रेत्याचंच आहे, आणि मला विचाराल तर ते रास्तच आहे. चवीत तोरिनोचे बाकीचे कारखानदार मागे नव्हते. फरक पडला तो माल बाहेर पाठवण्यात.

तोरिनोजवळ पेस्सिओने नावाचं गाव आहे. कारखाना 1864 मध्ये तिथे हलवला. कारण सरळ होतं: तोरिनोहून जेनोव्हा बंदराला जाणारी रेल्वे तिथून जायची. पिंपं गाडीत चढवायची, बंदरात उतरवायची, पुढे बोट. शिवाय जिथे औद्योगिक प्रदर्शन तिथे हे हजर: 1865 डब्लिन, 1867 पॅरिस, 1873 व्हिएन्ना, 1876 फिलाडेल्फिया. पदकं मिळाली की ती लेबलवर. 1868 मध्ये राजा व्हित्तोरिओ एमान्युएले दुसरा याने राजचिन्ह वापरायची परवानगी दिली, तेही लेबलवर. त्या गर्दीत बैल दिसला तर दचकू नका. तो तोरिनो शहराचा.

कॉकटेलचं नाव या बाटलीवरूनच पडलं का, यावर बारवाले आजही हमरीतुमरीवर येतात. कुणी कॅलिफोर्नियातल्या मार्टिनेझ गावाचं नाव घेतं. एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. हे कॉकटेल अमेरिकेत 1880 च्या दशकात दिसू लागलं आणि सुरुवातीला त्यात गोड इटालियन व्हर्मूथच पडायची. कंपनीची कोरडी, म्हणजे कमी गोड, 'एक्स्ट्रा ड्राय' आली 1900 च्या पहिल्या दिवशी. म्हणजे नातं असलंच, तर ते तुमच्या या लाल, गोड बाटलीशी.

पुढचं थोडक्यात. बियान्को, म्हणजे पांढरी मार्टिनी, 1910 मध्ये आली. लाल गोळ्यावर आडवी काळी पट्टी ही खूण 1920 च्या दशकातली. पुढे कंपनी मोटार शर्यतीत उतरली. 1971 ची ल माँ शर्यत मार्टिनीच्या पट्ट्यांची पोर्शे 917 जिंकली. व्हर्मूथ न चाखलेल्या कितीतरी जणांना ते पट्टे पाठ आहेत. 1993 पासून कंपनी बकार्डीच्या छत्राखाली आहे.

तर बाटलीचं काय करायचं? नुसती पिऊ नका असं म्हणणार नाही, पण गार करून, बर्फ आणि संत्र्याच्या सालीबरोबर. सोडा ओतलात तर आपल्या उकाड्यात जास्त आवडेल. घरात कांपारी, म्हणजे ते लाल, कडवट इटालियन मद्य, असेल तर तिच्यात समान मिसळून वर सोडा घाला, अमेरिकानो तयार. त्यात सोड्याऐवजी तितकीच जिन घातली की नेग्रोनी, पण ती जपून, जोरकस असते.

आणि झाकण उघडलं असेल तर बाटली आत्ताच फ्रिजमध्ये ठेवा. यात साधारण 15 टक्केच अल्कोहोल असतं, ही व्हिस्की नव्हे. मी एक बाटली वर्षभर शोकेसमध्ये मिरवली. शेवटी चव आंबलेल्या काढ्यासारखी लागली आणि मोरीत ओतावी लागली. महिना-दीड महिन्यात संपवा. एकट्याला जमत नसेल तर मेहुण्यांना परत बोलवा.