खिडकीचा प्रकाश आणि घरगुती रिफ्लेक्टर

प्रश्न : येत्या डिसेंबरात सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आहे. निमंत्रणपत्रिकेसाठी त्यांना वाड्यातील खिडकीशी बसवून मोबाइलवर छायाचित्र काढले, तर खिडकीकडचा गाल छान दिसतो आणि दुसरा काळवंडतो. फ्लॅश लावला की चेहरा सपाट होतो आणि चष्मा चमकतो. दुकानदाराने घडीचा ‘फाइव्ह-इन-वन’ रिफ्लेक्टर, म्हणजे सावलीच्या बाजूला प्रकाश परतवणारा पडदा, सुचवला आहे. तो घ्यावा का? कमाटीबागेत छायाचित्र काढायचे झाल्यास काय करावे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : एवढ्यासाठी तो घेण्याची गरज नाही. थर्माकोलचा किंवा फोमबोर्डचा, दोन फूट बाय तीन फूट आकाराचा पांढरा, चकाकी नसलेला तक्ता पुरेल. घरातील पांढरे धोतर पुठ्ठ्यावर ताणून लावले तरी चालेल. पुठ्ठा हवाच, कारण नुसत्या विरळ कापडातून बराचसा प्रकाश पलीकडे निघून जातो. मात्र नीळ दिलेल्या कापडाची निळसर झाक गालावर उतरू शकते, म्हणून थर्माकोल अधिक भरवशाचा. कापडावरून परतवलेला प्रकाश कमअस्सल समजू नये : ‘अपराजितो’ या १९५६ च्या चित्रपटात छायालेखक सुब्रत मित्र यांनी स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या चौकावर पांढरे कापड ताणून त्यावरूनच दिव्यांचा प्रकाश खाली परतवला होता.

खरा प्रश्न तक्ता कोठे धरावा हा आहे. सासूबाईंना खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसवून खोलीतील दिवे बंद करावेत, कारण दोन रंगांचे प्रकाश एकत्र आले की त्वचेचा रंग बिघडतो. तक्ता सावलीच्या बाजूला, परंतु थेट कानाशी न धरता थोडा पुढे, चेहऱ्याच्या उंचीवर आणि खिडकीकडे तोंड करून धरावा. अगदी मागे गेला तर तो कान आणि केसच उजळतो. अंतर वाढले की त्याचा प्रभाव झपाट्याने घटतो, म्हणून चौकटीत दिसू लागेपर्यंत तो जवळ आणावा आणि मग जरासा मागे घ्यावा. मांडीवर ठेवण्याचा मोह टाळावा, कारण खालून आलेल्या प्रकाशात हनुवटी आणि नाकपुड्या उठून दिसतात. दुसरा गाल पहिल्याइतका उजळ करण्याचा हट्टही नको; सुरकुत्या पुसून टाकलेला ऐंशी वर्षांचा चेहरा मला तरी पाहवत नाही.

चष्म्यात खिडकी किंवा तक्ता दिसू लागला, तर चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून भिंगे खाली झुकवावीत, अथवा तक्ता थोडा बाजूला सरकवावा. प्रकाश ज्या कोनात आदळतो त्याच कोनात परततो, त्यामुळे थोड्या बदलानेही प्रतिबिंब निघून जाते. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) स्थिर करावे.

दुकानातील रिफ्लेक्टरला पांढरा, रुपेरी, सोनेरी, काळा आणि अर्धपारदर्शक असे पाच पृष्ठभाग असतात. पुठ्ठ्यावर चुरगळून चिकटवलेले स्वयंपाकघरातील फॉइल किंवा मोटारीच्या काचेवर लावायचा रुपेरी पडदा यांनी रुपेरी बाजूचे काम बऱ्यापैकी भागते. परंतु तिचा प्रकाश तीव्र असल्याने जवळून नऊवारीची जरतारी किनार पांढरीफटक होते आणि वृद्ध डोळे मिटू लागतात. सोनेरी बाजू तर घरात लावूच नये. तिने चेहऱ्यावर हळद माखल्यासारखी दिसते.

कमाटीबागेत प्रश्न दिशेचा आहे. वडोदरा कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्याने जूनच्या आरंभी मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हा तक्ता छातीच्या उंचीवर, वर तोंड करून धरणे योग्य ठरते. डिसेंबरात मात्र सूर्य मध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवरच असतो. त्यामुळे सासूबाईंना सूर्याकडे पाठ करून बसवावे आणि समोरून, कॅमेऱ्याच्या बाजूने, पांढऱ्या तक्त्याने प्रकाश परतवावा. हिरवळीवरून हिरवट छटा येते, म्हणून खाली फिकट चादर अंथरावी. तक्ता धरायला घरातील कोणाला तरी सोबत न्यावे. वाऱ्यात थर्माकोल एका हाताने सांभाळत दुसऱ्या हाताने मोबाइल चालवणे जमत नाही.