लायब्ररीतल्या तुझ्या रायटिंग ग्रुपबद्दल

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला, मग परत वाचला. शिकागोच्या साउथ साइडला लायब्ररीत ब्लॅक बायकांचा रायटिंग ग्रुप सुरू करायचाय, चार जणी तयार आहेत, आणि तू विचारतेस की यात मी मराठी मुलगी नेमकं काय करू. हा प्रश्न तुला पडला याचाच मला आनंद झाला.

तुझ्याच भागात, साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटरमध्ये, 1941 साली इनेझ कनिंगहॅम स्टार्क नावाची एक श्रीमंत गोरी बाई कवितेचा वर्ग घ्यायला लागली. पुढे मोठी कवयित्री झालेली ग्वेंडोलिन ब्रूक्स ही ब्लॅक मुलगी त्या वर्गात बसायची, घरी लहान मूल होतं तिचं तेव्हा. 1945 ला तिचा पहिला संग्रह आला आणि 1950 ला पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं मोठं बक्षीस, ते मिळवणारी ती पहिली ब्लॅक लेखक. स्टार्कबाई "छान छान" म्हणून सोडून द्यायच्या नाहीत, कविता जिथे कच्ची असेल तिथे तसं सांगायच्या. पण मला त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्रूक्सने नंतर स्वतः शिकागोतल्या तरुण पोरापोरींना शिकवलं, नव्या कवींना बक्षिसं दिली आणि तीही पदरच्या पैशाने. बाहेरच्या बाईने धरलेलं काम असं तिथल्या बाईच्या हातात गेलं. तुझ्याकडूनही मला एवढंच हवंय, आणि शक्यतो लवकर.

माझं चुकलं ते सांगते. न्यू जर्सीत मी असाच ग्रुप चालवायचे तेव्हा कोणी वाचलं की पहिलं मीच बोलायचे, मला वाटायचं मी धीर देतेय, पण हळूहळू सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघून लिहायला लागल्या आणि एक बाई, जी आपल्या आजीच्या बोलीत लिहायची, ती "हे नीट इंग्लिशमध्ये करून आणते" म्हणाली आणि परत आलीच नाही. ते मला अजून लागतं गं. म्हणून तू शेवटी बोल, किंवा बोलूच नकोस. बोली, केस, चर्च, आजीची रेसिपी, यातलं काहीही "समजावून लिही" असं तिथे कोणी कोणाला म्हणायचं नाही हे पहिल्याच दिवशी त्यांनाच ठरवू दे.

आणि सपोर्ट म्हणजे नुसत्या टाळ्या नव्हेत. 1977 ला ब्रुकलिनमध्ये कवयित्री जून जॉर्डनच्या घरी ॲलिस वॉकर, टोनी मॉरिसन, एन्टोझाके शांगे अशा ब्लॅक लेखिका जमल्या, ग्रुपचं नाव द सिस्टरहुड. महिन्यातून एकदा भेटायच्या, जेवण असायचं, गप्पा व्हायच्या, पण चर्चा ही की मासिकं आणि प्रकाशक आपलं लेखन का घेत नाहीत आणि काय केलं तर घेतील. मॉरिसन तेव्हा रँडम हाउसमध्ये एडिटर होती, दोन मुलं एकटीने वाढवत होती, आणि तिने टोनी केड बंबारा, गेल जोन्स या ब्लॅक लेखिकांची पुस्तकं काढली. तर तुमच्याकडेही कुठल्या मासिकाला कविता पाठवली, काय उत्तर आलं, पैसे किती मिळाले, हे उघडपणे एकमेकींना सांगितलं जाऊ दे.

मुलांची सोय मात्र तू कर, ती खरंच तुझी जबाबदारी. शेजारची खोली, रंगखडू, बघायला एक माणूस, खायला काहीतरी गरम. ज्या बाईला मूल कुठे ठेवू हा प्रश्न आहे ती ग्रुप कितीही चांगला असला तरी दुसऱ्यांदा येऊ शकत नाही. आपल्या फलटणच्या दलित लेखिका बेबीताई कांबळे आठव, घरच्यांपासून लपवून लिहिलं आणि ते लिखाण वर्षानुवर्षं घरात पडून राहिलं. पण त्यांचं नाव घेऊन "मला तुमचं दुःख कळतं" असं त्या बायकांना म्हणू नकोस हं. कोणी विचारलं तर सांग, नाहीतर तुझ्या मनात राहू दे.

रविवारी खोली किती वाजेपर्यंत मिळते ते आधी विचारून घे, आणि किल्ली त्या चौघींपैकी एकीच्या नावावर करता येते का तेही बघ. काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी