होडीचं, गाडीचं न् सावकाराचं मिळून २२ लाख कर्ज झालंय, दिवाळखोरी घेतली तर सुटेन का? (रत्नागिरी)

सुटू शकता, पण सिनेमात दाखवतात तसं हात वर केले न् मोकळे, असं नाही हो. २०१६ चा नवा दिवाळखोरी कायदा आपल्यासारख्या साध्या माणसाला अजून लागूच केलेला नाही, कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनाच आहे, म्हणून आपल्याकडे अजून १९२० चाच कायदा, जिल्हा कोर्टात अर्ज. गंमत म्हणजे त्यात कर्जाची किमान अट ५०० रुपये!

अर्ज मंजूर झाला की मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, ती विकून देणी वाटतात न् मग कोर्टाला पटलं तर उरलेल्यातून सुटका, त्यात वर्षं जातात. होडी तारण असेल तर बँक ती तरीही ओढणारच. आमच्या काकांची अशीच गेली, जेटीवर नुसती जाळी वाळत पडलेली.

मी म्हणेन आधी बँकेत जाऊन वन टाइम सेटलमेंट, म्हणजे ठरलेली रक्कम एकदाच भरून कर्ज मिटवणं, विचारा, लेखी घ्या. आणि तो सावकार बिनपरवाना असेल तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे (सहकार खात्याचा अधिकारी) तक्रार टाका, २०१४ चा सावकारी कायदा आहे त्यासाठी. जामीनदार मेव्हणा असेल तर त्याला आधी सांगा, तुम्ही सुटलात तरी तो सुटत नाही.